पाठमोरे

माझ्या हार्ड डिस्कवर ‘पाठमोरे’ नावाचा एक फोल्डर आहे. त्यात शिकारी पक्ष्यांचे नऊशेच्या वर फोटो आहेत आणि एक सोडला तर कुणाचंही तोंड दिसत नाही. घारींच्या शेपट्या, ऑस्प्रेची पाठ, भोवत्यांच्या, म्हणजे हॅरिअर पक्ष्यांच्या, माद्यांच्या शेपटीच्या मुळाशी असलेला तो पांढरा पट्टा. दर दिवाळीच्या साफसफाईत नवरा विचारतो, “हे उडवू का आता?” मी नको म्हणते. उडता शिकारी पक्षी कसा टिपायचा याबद्दल मला जे थोडंफार कळलंय, ते त्या फोल्डरमुळे.

सुरुवात हडपसरला आमच्या इमारतीच्या गच्चीवर झाली. २०२१ च्या दिवाळीनंतर मी निकॉनची २००-५०० लेन्स सेकंडहँड घेतली. ट्रायपॉडला लावायच्या कॉलरसकट तिचं वजन दोन किलो तीनशे ग्रॅम. कॅमेऱ्याची बॉडी डी-७५००, ती घरात होतीच, लेकीच्या गॅदरिंगचे फोटो काढायला घेतलेली. गच्चीवर घारींना तोटा नाही. ऊन तापलं की एकेक करत वर चढतात आणि पंख न हलवता गोल फिरत राहतात. मला वाटलं, एवढा मोठा पक्षी, एवढा संथ, यात अवघड काय असणार? पहिल्या रविवारी चारशे फोटो काढले. त्यातल्या तीनशेहून जास्त फोटोंत नुसतं आकाश होतं. सासूबाईंनी मागून डोकावून विचारलं, “ढगांचे काढतेस का?” ढगसुद्धा नव्हते.

पाचशे मिलिमीटरला आकाशाचा जो तुकडा दिसतो तो हात लांब करून धरलेल्या टपाल तिकिटाएवढा असतो. त्या तिकिटात उडती घार आणून बसवायची. माझी चूक अशी व्हायची की मी घार बघायचे, मग मान खाली घालून कॅमेऱ्यात डोळा लावायचे आणि मग घार शोधत बसायचे. करायचं असतं उलट. नजर पक्ष्यावरून काढायची नाही, कॅमेरा वर उचलून डोळ्यासमोर आणायचा. हे वाचून कळतं, पण हाताला कळायला मला दोन महिने लागले. रोज सकाळी ऑफिसच्या आधी वीस मिनिटं. कॅमेरा खाली, घार बघ, कॅमेरा वर, दिसली का? पुन्हा खाली. शेजारचे काका गच्चीवर प्राणायामाला यायचे, त्यांना बराच काळ वाटत होतं की हा दंडाचा व्यायाम आहे. तसा तो होताही.

दुसरी गोष्ट कुणी आधी सांगितली असती तर माझे कितीतरी रविवार वाचले असते. लेन्स जर जवळच्या कठड्यावर फोकस होऊन बसली असेल, तर घार चौकटीत आली तरी दिसत नाही. ती इतकी धूसर होते की आकाशात विरघळून जाते. म्हणून आधी दूरच्या पाण्याच्या टाकीवर फोकस करून ठेवायचा आणि मग घारीकडे वळायचं. लेन्सवर एक बारीक खटका असतो, तो सरकवला की सहा मीटरच्या अलीकडे फोकस जातच नाही. तो खटका मी घेतल्यापासून पाच महिने नुसता बघत होते. पाय कुठे रोवायचे हेही असंच उशिरा उमगलं. फोटो जिथे काढायचाय त्या दिशेला पाय, आणि पक्षी जिथून येतोय तिकडे कंबरेतून वळलेलं अंग. मग पक्ष्याबरोबर अंग उलगडत जातं. पाय पक्ष्याकडे रोवले तर ऐन वेळी कंबर अडते आणि पक्षी पुढे निघून जातो.

घारींचे पहिले जमलेले फोटो कोळशासारखे आले. मागे पांढरं आकाश असलं की कॅमेरा त्या पांढऱ्याला घाबरून सगळंच काळं करतो. सव्वा स्टॉप उजेड वाढवला तेव्हा घारीच्या अंगावर तपकिरी पिसं असतात हे पहिल्यांदा फोटोत दिसलं. मार्चपर्यंत डोळाही दिसायला लागला. आणि तिची शेपूट! दुभागलेली ती शेपूट घार होडीच्या सुकाणूसारखी पिळते, एक बाजू वर, एक खाली, आणि त्या वेळी डोकं मात्र जागचं हलत नाही. आयुष्यभर घारी बघितल्या होत्या, पण हे कधी पाहिलं नव्हतं.

घारी जमल्या म्हणजे आता काहीही जमेल, अशा तोऱ्यात मी पुढच्या डिसेंबरात भिगवणला गेले.

भिगवण आता सगळ्यांना माहीत आहे. पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर. उजनी धरणाचं मागचं पाणी, रोहित, बदकं, आणि कुंभारगावातून मच्छीमारांच्या नावा. बहुतेक लोक रोहितांसाठी जातात. मला ऑस्प्रे हवा होता. हा फक्त माशांवर जगणारा शिकारी पक्षी, थंडीत आपल्याकडे येतो. पाय पुढे करून पाण्यात पडतो. पायाचं बाहेरचं बोट त्याला मागे वळवता येतं, त्यामुळे दोन बोटं पुढे, दोन मागे, असा निसटत्या माशाला चिमटा बसतो. तळव्याला काट्यांसारखी खरखर असते. आणि मासा घेऊन उडताना तो माशाचं तोंड पुढे ठेवतो, मासा जसा पाण्यात पोहतो तसाच, म्हणजे वारा कमी अडतो. हे सगळं पाठ करून गेले होते.

त्या सकाळी आभाळ भरून आलेलं. मच्छीमारांनी पाण्यात रोवलेल्या एका बांबूवर ऑस्प्रे बसला होता. मी नाव त्याच्या पूर्वेला थांबवायला सांगितली, कारण सगळीकडे वाचलेलं की सूर्य पाठीशी हवा. सूर्य ढगात होता, पाठीशी काय नि पोटाशी काय, पण नियम तो नियम. नाववाले दादा म्हणाले, “ताई, वारं पलीकडनं हाय. त्यो वाऱ्याकडं तोंड करून उठणार. आपण मागल्या अंगाला हाओत. नाव घेऊ का फिरवून?”

मी म्हटलं, “नको नको, हलवू नका. उडून जाईल.”

दादा गप्प बसले. त्यांनी चुना-तंबाखू मळली आणि मोबाईल काढला. पन्नास मिनिटं मी कॅमेरा धरून बसले होते. मग ऑस्प्रे पुढे झुकला, शेपूट उचलली आणि शिटला. शिकारी पक्षी उडायच्या आधी बरेचदा असं करतात, ओझं हलकं करून घेतात. ही खूण मला माहीत होती, म्हणून मी बोट बटणावर ठेवलं. तो उठला आणि बरोबर पश्चिमेकडे, वाऱ्याकडे तोंड करून गेला. पाठ, पाठ, पाठ, शेपूट. एकोणीस फोटो. वर आणखी एक गंमत: त्याआधी मंद उजेडात रोहित टिपताना शटर चारशेवर, म्हणजे सेकंदाच्या चारशेव्या भागावर आणलेलं, उडत्या पक्ष्याला ते फार हळू, आणि ते तसंच राहिलं होतं. त्यामुळे पाठसुद्धा हललेली.

दादांनी स्क्रीनवर नजर टाकली आणि काही बोलले नाहीत. ‘मी म्हटलं नव्हतं का’ हे न म्हणणं फार थोड्या लोकांना जमतं.

पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उठतो, हे विमानासारखंच आहे. समोरून येणारा वारा पंखाखाली आयता मिळतो. उतरतानाही तसंच, आणि एका जागी तरंगतानाही तसंच. कापशी घार शेतावर पंख फडफडवत जागच्या जागी लटकलेली दिसते ना, तिचं तोंड नेहमी वाऱ्याकडे असतं. मग फोटो काढणाऱ्याने उभं कुठे राहायचं? वारा आपल्या पाठीवर येईल असं. इतकं सोपं गणित. पण मी कॅमेऱ्याच्या मेन्यूत बुडालेली, आणि वारा काही मेन्यूत नसतो.

आता जे सांगायचंय ते सांगायला मला आवडत नाही. त्याच हंगामात, फेब्रुवारीत, मी एका ग्रुपबरोबर इंदापूर तालुक्यातल्या माळावर गेले. तिथे हॅरिअर येतात. मराठी पुस्तकांत यांना भोवत्या म्हणतात आणि ते नाव फार नेमकं आहे, कारण हा पक्षी गवतावरून जेमतेम कमरेच्या उंचीने, पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे वर धरून, भोवती भोवती फिरत राहतो. रशिया-कझाकस्तानच्या गवताळ मुलखातून हे पावसाळा सरता सरता आपल्याकडे येतात आणि मार्च-एप्रिलात परततात. झाडावर झोपत नाहीत. संध्याकाळी एका ठरलेल्या माळावर, गवतात, जमिनीवरच रातथाऱ्याला जमतात. कधी पाच-सहा, कधी त्याहून बरेच जास्त.

आम्ही चौघं एका जीपमध्ये होतो. सूर्य बुडायला आला होता. एकेक भोवत्या येऊन गवतात बसत होता. उजेड सुंदर होता, पण पक्षी लांब. चालकाने विचारलं, “घालू का आत?” कुणीतरी “घाला” म्हणालं. मी म्हणाले नाही, पण “नको” असंही म्हणाले नाही. जीप गवतात शिरली, भोवत्ये उठले, आमचे कॅमेरे मशीनगनसारखे वाजले. पक्षी पुढे जाऊन बसले. जीप पुन्हा पुढे. चार वेळा. चौथ्या वेळी अंधार झाला म्हणून थांबलो, लाज वाटली म्हणून नव्हे.

त्यातला एक फोटो मी ग्रुपवर टाकला. सोनेरी उजेड, मादी, पिसन् पीस मोजून घ्यावं असं. ‘काय शार्प!’, ‘किलर शॉट ताई!’ दोनशेच्या वर लाइक आले. आठवडाभर मी हवेत होते. मग एका रात्री तो मोठ्या स्क्रीनवर उघडला आणि पहिल्यांदा नीट पाहिला. पक्षी आमच्यापासून लांब चाललाय आणि मान वळवून, खांद्यावरून मागे बघतोय. डोळा अगदी शार्प आहे, आणि तो जीपकडे बघतोय.

त्या दिवशी ‘पाठमोरे’ फोल्डर तयार झाला. मी सगळे जुने फोटो चाळले आणि प्रत्येकासमोर आठवून लिहिलं: त्या वेळी मी बसून होते की पुढे सरकत होते? पुढे सरकत असताना समोरून तोंड आलेला एकही फोटो नव्हता. साहजिकच आहे. ज्याच्या मागे लागलो तो पाठच दाखवणार. त्या संध्याकाळचा मादीचा फोटो आधी मी पुसायला घेतला होता, पण मग तोही त्याच फोल्डरमध्ये टाकला. पुसला असता तर सहा महिन्यांनी मला त्याचा विसर पडला असता.

(आता इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला वनविभागाची गवताळ सफारी सुरू झालीय, ऑनलाइन बुकिंग आहे, ठरलेल्या वाटांवरूनच जावं लागतं. बरं झालं.)

तिसऱ्या थंडीत मी एकच ठरवलं. एक माळ, एक पक्षी, आणि गाडी एकदा लावली की हलवायची नाही. पक्षी ठरला पांढरा भोवत्या, म्हणजे पॅलिड हॅरिअरचा नर. अंगाने राखी-पांढरा, पोटाखाली जवळजवळ शुभ्र, पंखांच्या टोकाला काळी पाचर. माँटेग्यूज हॅरिअर या दुसऱ्या भोवत्याचा नर याच्यासारखाच दिसतो, पण त्याच्या पंखावर मधोमध एक काळी रेघ असते. ती दिसली नाही की मी खूश. जागा वनविभागाच्या हद्दीबाहेर, शेताच्या बांधालगतच्या वाटेवर. नेमकी कुठे ते लिहीत नाही, कारण पांढरा नर म्हटलं की गाड्या येतात, आणि मी स्वतः त्या गाडीत बसलेली आहे.

इंदापूरला मावसबहीण राहते. तिच्याकडे मुक्काम, पहाटे साडेपाचला निघायचं, बरोबर थर्मास आणि तिने बांधून दिलेली भाकरी-ठेचा. गाडीच्या खिडकीवर लेन्स टेकवायला मी जुन्या जीन्सचा एक पाय शिवून त्यात ज्वारी भरली होती. जानेवारीपर्यंत त्यात सोंडे झाले आणि गाडीभर फिरायला लागले. आता साबुदाणा आहे. गाडी म्हणजे उत्तम आडोसा. माणूस पायी उतरला की शंभर मीटरवरून पक्षी वाट बदलतो, पण इंजिन बंद करून उभ्या असलेल्या गाडीला तो दगडासारखंच धरून चालतो. इंजिन बंद करायचंच, नाहीतर बॉनेटवरची गरम हवा चित्र थरथरवते. आरशाला मी लोकरीचा एक धागा बांधला होता, वारा बघायला.

दुसऱ्या दिवशी एक आजोबा काठी टेकत आले. घरची तरणी माणसं मेंढरांचा वाडा घेऊन कोकणाकडे उतरलेली, हे वयामुळे मागे राहिलेले, दहा-बारा शेरडं सांभाळत. खिडकीशी येऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “प्लॉटिंगचं बघाया आलाय का?”

पुण्याची गाडी माळावर थांबली की लोकांच्या मनात हेच येतं, आणि त्यात त्यांची चूक नाही. मी म्हटलं, नाही आजोबा, पक्ष्यांचे फोटो काढते, असा असा पांढरा पक्षी.

“पांढरी घार व्हय? ती येती की रोज. पावणेआठची येष्टी जायच्या आदी येती, ह्या बांधाबांधानं.” मग माझ्या गाडीकडे बघून म्हणाले, “पर तुमी उलट्या अंगाला बसलाय. वारं तोंडावर घेतलं की ती दमादमानं येती, खाली बघत. पाठीवर घेतलं की सुसाट. दिसत बी न्हाय नीट.”

नाववाल्या दादांचं बोलणं मी एकदा झिडकारलं होतं. या वेळी गाडी फिरवली.

तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली आणि मी स्वतःशीच हसले. त्या माळावर थंडीत सकाळी वारा बहुतेक पूर्वेकडून येतो, हलकाच. सूर्यही पूर्वेलाच. म्हणजे बांधाच्या पूर्वेच्या टोकाला, पश्चिमेकडे तोंड करून बसलं की सूर्य पाठीशी आणि वाराही पाठीशी. पक्षी वाऱ्यावर तोंड धरून, सावकाश, उजेड अंगावर घेत आपल्याकडेच येतो. संध्याकाळी हे जमत नाही, कारण वारा तोच राहिला तर उजेड एकीकडे आणि तोंड दुसरीकडे. लोक संध्याकाळच्या सोनेरी उजेडामागे धावतात आणि पाठमोरे फोटो घेऊन घरी जातात. मीही तेच केलं होतं.

सकाळचाही वेळ थोडकाच. सूर्य सातला उगवतो, भोवत्या साडेसातच्या सुमारास निघतो, कारण त्याला गरुडासारखी तापलेल्या हवेची वाट बघावी लागत नाही, तो पंख मारत खालूनच फिरतो. पण सव्वानऊ वाजले की जमिनीतून वाफ उठल्यासारखी हवा हलायला लागते आणि मग पन्नास मीटरवरचा पक्षीही पाण्याखाली असल्यासारखा येतो. कितीही भारी लेन्स असू द्या. आधी मला वाटायचं लेन्स बिघडलीय. दुरुस्तीला टाकायला निघाले होते.

वहीत रोज लिहायचे. पहिला दिवस: वारा नाही, धागा लटकलेला. तिसरा: पक्षी आला, पण पाठीमागून, गाडीच्या टपावरून, कळलंही नाही. पाचवा: शेजारच्या शेतात नांगरट, ट्रॅक्टरमागे बगळे आणि घारी, भोवत्या फिरकला नाही. सहावा: टिटव्या ओरडल्या. टिटवी ही माळावरची पोलीस चौकी आहे, तिने गलका केला की कॅमेरा उचलायचा. पण त्या दिवशी कुत्रं निघालं. मोज्यांत कुसळं शिरून पाय ओरबाडलेले, तेही वहीत आहे.

नववा दिवस सगळ्यांत वाईट, कारण त्या दिवशी सगळं बरोबर होतं. वारा पूर्वेचा, उजेड स्वच्छ, पक्षी बांधावरून थेट माझ्याकडे. मी चाळीस फोटो काढले आणि चाळीसही फोटोंत गवताच्या काड्या सुरेख शार्प आल्या, पुढे एक पांढरा धूसर ढग. घार आकाशात असते, तिथे कॅमेऱ्याला धरायला दुसरं काही नसतं. भोवत्या गवतावरून उडतो आणि मागची प्रत्येक काडी फोकसला आपल्याकडे ओढते. गच्चीवर दीड वर्ष केलेला सराव इथे अर्धाच उपयोगी. त्या रात्री मावसबहिणीच्या ओट्यावर बसून मी सेटिंग बदलली. एका बिंदूऐवजी बिंदूंचा छोटा गट धरायचा, आणि मध्ये काही आलं तरी कॅमेऱ्याने पक्षी लगेच सोडू नये असा जो पर्याय असतो तो सगळ्यांत जास्तीवर. उजेडाचंही तसंच. घारीला उजेड वाढवावा लागायचा, इथे पांढऱ्या पक्ष्यामागे तपकिरी गवत असल्यामुळे कॅमेरा उजेड वाढवून पक्ष्याचं पीठ करून टाकतो. म्हणून उन्हातल्या वाळक्या गवतावर माप घेतलं, थोडं खाली आणलं आणि सगळं हाताने पक्कं केलं: शटर अडीच हजार, छिद्र ५.६, आयएसओ १२५०. पक्षी कुठूनही कुठेही जावो, ऊन बदलत नाही तोवर आकड्यांना हात लावायचा नाही.

अकरावी सकाळ डिसेंबरातला शेवटचा रविवार होती. सात चाळीसला टिटव्या ओरडल्या. धागा पश्चिमेकडे ताणलेला. बांधाच्या दुसऱ्या टोकाला, गवताच्या शेंड्यांवर, काहीतरी पांढरं वर-खाली होत होतं. मी लगेच बटण दाबलं नाही. हेही शिकावं लागतं. लांबचे शंभर फोटो काढत बसलं तर कॅमेऱ्याचं पोट भरतं आणि ऐन वेळी तो गिळत बसतो. फक्त फोकस धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा.

तो दमादमानं येत होता. दोन-तीन वेळा पंख मारायचे, मग पंख वर धरून तरंगायचं, डोकं पूर्ण खाली. भोवत्याचा चेहरा इतर ससाण्या-घारींसारखा नसतो, घुबडासारखी पिसांची एक चकती असते, कारण तो गवतातला उंदीर नुसता बघत नाही, ऐकतोही. साठ मीटर. चाळीस. एक डोंबारी चंडोल त्याच्या पुढून फुर्रकन उठला, त्याने लक्ष दिलं नाही. तीस मीटरवर तो हवेतच थांबला. शेपटीचा पंखा उघडला, पिवळेधमक लांब पाय खाली सोडले, अंग एका बाजूला कलंडलं. आता मी बटण दाबलं. तो गवतात पडला, क्षणभर नुसते पंख वर दिसत होते, आणि मग रिकाम्या पायांनी उठला. उठताना त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं. कॅमेऱ्याच्या आवाजाकडे असेल. पण त्याने वाट बदलली नाही. तसाच पुढे आला, चौकटीत मावेना, आणि गाडीच्या टपावरून निघून गेला. पंखांचा आवाज आला नाही. मागून एसटी गेली.

एकतीस फोटो. बारांत पुन्हा गवत शार्प. नवांत पंखांची टोकं कापलेली, कारण मी पाचशेवरून मागे यायला विसरले. चारांत डोकं खाली, त्यातल्या एकात गवतात पडण्याच्या क्षणी डोळ्यावर पांढरा पडदा ओढलेला आहे. पक्ष्यांना तिसरी पापणी असते, काड्या डोळ्यात जाऊ नयेत म्हणून ती ऐन वेळी मिटते. तो फोटो कुणाला दाखवण्यासारखा नाही, पण माझा लाडका आहे. उरले सहा. त्यात एक असा, की दोन्ही पंख टोकापासून टोकापर्यंत, पाय लोंबलेले, गवताच्या पिवळ्या उजेडाने पोटाखालची पिसंही उजळलेली, आणि दोन्ही डोळे माझ्यावर. त्यात भीती नाही. कुतूहलही फारसं नाही. नाक्यावर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडे आपण बघतो तसं.

मी आजोबांना स्क्रीन दाखवली. त्यांनी टोपी मागे सारली, डोळे बारीक केले.

“डोळा पिवळा हाय व्हय हिचा?”

“हो. आणि ही नाही आजोबा, हा नर आहे.”

“नर? मग तपकिरी असती ती कोण?”

“ती मादी.”

त्यांनी बराच वेळ विचार केला. “म्हंजे मी इतकी वरसं दोन येगळी पाखरं समजत हुतो,” असं म्हणाले आणि हसायला लागले. तोंडात तीनच दात होते. शेरडं एव्हाना कुणाच्यातरी तुरीत शिरली होती, तिकडे ओरडत गेले. जाताना वळून सांगितलं की नातवाच्या मोबाईलवर टाका, आणि नंबर दोन वेळा म्हणून दाखवला.

रात्री मी फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी नातवाचा अंगठा आला. आठवड्याने सहज बघितलं तर त्याच्या व्हॉट्सॲपचा डीपी तोच होता. गोलाच्या बरोबर मध्ये डोकं आणि ते दोन पिवळे डोळे बसलेत. पंख दोन्हीकडून कापले गेलेत.